उरलेले इंजिन ऑइल: जपायचे कोणते, परत द्यायचे कोणते

मोटरसायकलचे ऑइल बदलले की दोन प्रकारचे ऑइल उरते. एक, नव्या बाटलीच्या तळाशी राहिलेले स्वच्छ ऑइल. दुसरे, इंजिनातून काढलेले काळे ऑइल, ज्याला गॅरेजमध्ये जळके ऑइल म्हणतात. अनेक घरांत आणि गॅरेजांत ही दोन्ही एकाच कोपऱ्यात, कधी कधी एकाच कॅनमध्येही ठेवली जातात. त्यांचे पुढचे मार्ग मात्र पूर्ण वेगळे आहेत. स्वच्छ ऑइल नीट ठेवले तर त्याच इंजिनात पुन्हा वापरता येते. जळके ऑइल कोणत्याही घरगुती उपायाने इंजिनात घालण्याजोगे होत नाही. ते योग्य कारखान्यापर्यंत पोहोचले, तर त्यापासून पुन्हा नवे ऑइल तयार होते. म्हणून पहिले जपायचे आणि दुसरे न सांडता, न मिसळता परत द्यायचे.

बाटलीत ऑइल का उरते

१०० ते १२५ सीसीच्या बहुतेक मोटरसायकलींना ऑइल बदलताना साधारण ८०० मिलिलिटर ते १ लिटर ऑइल लागते. ११० सीसीच्या अनेक स्कूटरींना ६५० ते ८०० मिलिलिटर पुरते. १५० ते २०० सीसीच्या गाड्यांना १ लिटर ते सव्वा लिटर, तर ३५० सीसीच्या गाड्यांना २ लिटरच्या आसपास ऑइल लागते. बाजारात बाटल्या मात्र ८०० मिलिलिटर, ९०० मिलिलिटर, १ लिटर अशा ठरावीक मापांच्याच मिळतात. त्यामुळे गरज आणि बाटली यांचा मेळ क्वचितच बसतो.

गाडीच्या माहितीपुस्तिकेत ऑइलचे बहुधा दोन आकडे दिलेले असतात. एक इंजिन पूर्ण खोलून पुन्हा जोडल्यानंतरचा आणि दुसरा नुसता खालचा नट काढून ऑइल बदलतानाचा. नट काढून गाडी कितीही वेळ उभी ठेवली, तरी क्लच, गिअर आणि आतले मार्ग यांत थोडे ऑइल राहतेच. म्हणून दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान असतो. नेहमीच्या सर्व्हिसिंगला हाच दुसरा आकडा धरायचा असतो. फिल्टरही बदलला तर थोडे जास्त ऑइल लागते; तो आकडाही पुस्तिकेत असतो.

पुष्कळ ठिकाणी आणलेली बाटली पूर्ण ओतली जाते. गिऱ्हाइकाने पैसे मोजलेत, मग ऑइल बाजूला कशाला काढायचे, असा त्यामागचा हिशेब असतो. पण जास्तीच्या ऑइलने इंजिनाचा फायदा होत नाही, उलट त्रास होतो. पातळी वाढली की फिरणारे भाग ऑइलमध्ये बुडतात, ऑइल घुसळले जाऊन त्याचा फेस होतो. फेसातली हवा दाबली जाते, त्यामुळे दोन धातूंच्या मधला ऑइलचा थर टिकत नाही. घुसळण्यात इंजिनाची ताकदही वाया जाते. जास्तीचे ऑइल ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात येते आणि तिथून पुन्हा इंजिनात जाऊन जळते. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. जळालेल्या ऑइलमधला फॉस्फरस आणि राख त्यावर साचून त्याचे काम मंदावते.

ऑइल भरताना पातळी पाहण्याची पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी असते. काही गाड्यांत ऑइलची पट्टी नुसती भोकात टेकवून पाहायची असते, काहींत आटे फिरवून, तर काहींत इंजिनाच्या बाजूच्या काचेतून. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करायची, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवायचे, बंद करून ऑइल खाली उतरेपर्यंत तेवढाच वेळ थांबायचे आणि मग पातळी पाहायची, हा क्रम बहुतेक गाड्यांना लागू पडतो. पातळी वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये आली की ओतणे थांबवावे. बाटलीत राहिलेले ऑइल ग्राहकाच्या मालकीचे आहे. ते मागून घ्यावे.

मोटरसायकलच्या ऑइलचे वेगळेपण

उरलेले ऑइल कुठे चालेल आणि कुठे नाही, हे त्याच्या घडणीवर ठरते. इंजिन ऑइलचा मोठा भाग, साधारण तीन चतुर्थांश ते नऊ दशांश, मूळ तेलाचा असतो. उरलेल्या भागात निरनिराळी रसायने असतात. काजळी आणि मळ धुऊन काढणारी, तो मळ तरंगता ठेवणारी, आम्ल मारणारी, फेस रोखणारी, गंज टाळणारी आणि गरम झाल्यावरही ऑइल फार पातळ होऊ न देणारी. घर्षणाच्या जागी संरक्षक पापुद्रा तयार करणारे जस्त आणि फॉस्फरसचे एक संयुगही त्यात असते.

मोटारीत इंजिनाचे ऑइल फक्त इंजिनात फिरते. तिच्या गिअरबॉक्सचे ऑइल वेगळे आणि क्लच बहुधा कोरडा असतो. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच ही तिन्ही एकाच ऑइलवर चालतात. ऑइलने पिस्टन आणि बेअरिंग गुळगुळीत ठेवायचे, पण त्याच ऑइलमध्ये भिजलेल्या क्लच प्लेटा मात्र घसरू द्यायच्या नाहीत. ही परस्परविरोधी गरज लक्षात घेऊन जपानमध्ये १९९८ मध्ये जासो टी ९०३ हे मानक आले. भिजलेल्या क्लचच्या मोटरसायकलींसाठी एमए, एमए१ आणि एमए२, तर ज्या स्कूटरचा क्लच ऑइलबाहेर असतो तिच्यासाठी एमबी, अशा त्यात श्रेणी आहेत. एमबी ऑइल मोटरसायकलमध्ये घातले तर क्लच घसरू शकतो: रेस वाढते, आवाज वाढतो, पण गाडीला पिक-अप मिळत नाही. म्हणून घरात स्कूटर आणि मोटरसायकल दोन्ही असतील, तर एकीचे उरलेले ऑइल दुसरीत घालण्यापूर्वी बाटलीवरची ही श्रेणी पाहणे आवश्यक आहे.

उघडलेली बाटली ठेवण्याची रीत

सील न उघडलेल्या बाटलीतले ऑइल चांगल्या जागी ठेवल्यास साधारण ३ ते ५ वर्षे टिकते. नेमकी मुदत कंपनीनुसार बदलते आणि ती उत्पादनाच्या तारखेपासून मोजायची असते. बाटली एकदा उघडली की हा हिशेब बदलतो. झाकण उघडताच बाहेरची हवा, बाष्प आणि धूळ आत शिरते. पुढच्या ऑइल बदलापर्यंत, म्हणजे साधारण ६ महिने ते वर्षभरात, उघडलेली बाटली संपवणे हा चांगला नेम आहे.

ऑइलचा खरा शत्रू ओलावा आहे. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेली अर्धी बाटली दुपारी तापते, आतली हवा प्रसरण पावते आणि झाकणाच्या फटीतून थोडी बाहेर पडते. रात्री बाटली थंड झाली की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. दिवसामागून दिवस हेच चालू राहिले तर आत बाष्प साठत जाते. बाटली जितकी रिकामी, तितकी तिच्यात हवा जास्त आणि ओलावाही जास्त. कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर या महिन्यांत हा धोका सर्वाधिक असतो. एस्टर घटक असलेली सिंथेटिक ऑइले साध्या खनिज ऑइलपेक्षा ओलावा अधिक धरतात, म्हणून त्यांची उघडी बाटली फार काळ ठेवू नये.

काम झाले की बाटलीचे तोंड स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसावे आणि झाकण घट्ट लावावे. ऑइल मूळ बाटलीतच ठेवावे, कारण श्रेणी, घट्टपणाचा क्रमांक आणि उत्पादनाची तारीख तिच्यावरच असते. उघडल्याची तारीख आणि कोणत्या गाडीसाठी आणले ते पक्क्या शाईने बाटलीवर लिहावे. बाटली उभी, सावलीत, जमिनीपासून थोडी उंच आणि तापमानात फारसा चढउतार होत नाही अशा जागी ठेवावी. गच्ची, पत्र्याची शेड आणि गाडीची डिकी या जागा टाळाव्यात. नरसाळे आणि मापे यांवर जुने ऑइल किंवा धूळ राहू नये. नव्या ऑइलमध्ये माती शिरते ती बहुधा याच वाटेने.

गॅरेजमध्ये २०० लिटरचे ड्रम असतील तर ते उघड्यावर उभे ठेवू नयेत. वरच्या खोलगट झाकणावर पावसाचे पाणी साठते आणि रात्री ड्रम थंड झाला की बुचाच्या आट्यांतून ते आत ओढले जाते. ड्रम बाहेर ठेवावाच लागला, तर तो आडवा ठेवावा आणि दोन्ही बुचे घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी यावीत. अशा वेळी बुचे आतून ऑइलने झाकलेली राहतात आणि पाण्याला आत शिरायला वाट मिळत नाही.

पुन्हा वापरण्यापूर्वी

ठेवलेले ऑइल वापरायच्या आधी उजेडात पाहावे. काचेच्या स्वच्छ पेल्यात थोडे ओतले की ते पारदर्शक आणि एकसारख्या रंगाचे दिसले पाहिजे. दुधाळ किंवा धुरकट दिसले, तर त्यात पाणी आहे. तळाशी चिकट साका असेल किंवा आंबट, करपट वास येत असेल तरी ते इंजिनात घालू नये. ओलाव्याची शंका असेल तर कारखान्यांत एक सोपी चाचणी करतात: साधारण १५० अंश सेल्सिअसला तापवलेल्या धातूच्या पट्टीवर ऑइलचा एक थेंब टाकायचा. पाणी असेल तर थेंब तडतडतो, बुडबुडे येतात. नसेल तर तो शांतपणे पसरतो. ही चाचणी डोळ्यांना चष्मा लावून, स्वयंपाकाच्या भांड्यांपासून दूर करावी.

उरलेले ऑइल वापरण्याची सर्वांत योग्य जागा म्हणजे त्याच गाडीचे इंजिन. दोन ऑइल बदलांच्या मधल्या काळात पातळी थोडी उतरते, विशेषतः जुन्या गाडीत किंवा लांबच्या प्रवासानंतर. तेव्हा हेच ऑइल भर घालायला उपयोगी पडते. तीन-चार बाटल्यांचे एकाच कंपनीचे आणि एकाच श्रेणीचे उरलेले ऑइल एकत्र करूनही पुढच्या बदलाला वापरता येते.

वेगवेगळ्या कंपन्यांचे ऑइल एकमेकांत मिसळते का, हा नेहमीचा प्रश्न आहे. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या म्हणजे एपीआयच्या मानकांनुसार इंजिन ऑइल इतर मान्य ऑइलांत एकजीव होते की नाही, हे तपासले जाते. त्यामुळे अडचणीच्या वेळी दुसऱ्या कंपनीचे ऑइल भर म्हणून घातल्याने इंजिन बिघडत नाही. पण दोन्हींतल्या रसायनांची मात्रा वेगळी असल्याने मिश्रणाचा दर्जा कोणत्याही एका बाटलीइतका खात्रीचा राहत नाही. १०डब्ल्यू-३० घट्टपणाचे ऑइल सांगितलेल्या गाडीत उरलेले २०डब्ल्यू-५० घालणे हेही टाळावे. थंड इंजिनात घट्ट ऑइल उशिरा पोहोचते आणि पेट्रोलही जास्त लागते.

इंजिनाबाहेरही स्वच्छ ऑइलचा उपयोग होतो. फाटकाच्या बिजागऱ्या, सायकलची साखळी, कडबाकुट्टीचे फिरते भाग, पाने, विळे, खुरपी आणि कुदळी यांना पातळ थर लावला तर गंज धरत नाही. मोटरसायकलच्या साखळीला मात्र गिअर ऑइल किंवा साखळीचे खास वंगण बरे. इंजिन ऑइल पातळ असल्याने ते चाकावर उडते. ब्रेकच्या डिस्कला, ब्रेक शूला किंवा टायरला ऑइलचा थेंबही लागू नये. शिलाई मशीनसाठी हे ऑइल जड पडते आणि कापडावर डाग पडतात. पिठाची गिरणी, तेलाचा घाणा, उसाच्या रसाचे यंत्र अशा अन्नाशी संबंध येणाऱ्या यंत्रांत ते अजिबात वापरू नये. जुन्या टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्येही ते चालत नाही, कारण टू-स्ट्रोक ऑइल जळून जाण्यासाठीच बनवलेले असते. इंजिन ऑइल जळताना राख सोडते आणि ती प्लग व सायलेन्सर तुंबवते.

इंजिनात ऑइलचे काय होते

काळे झालेले ऑइल म्हणजे संपलेले ऑइल, असे नाही. काजळी पकडून तरंगती ठेवणे हे ऑइलचेच काम आहे, म्हणून चांगले ऑइलही थोड्या दिवसांत काळे पडते. ऑइलचा खरा ऱ्हास डोळ्यांना दिसत नाही. हवेच्या झोताने थंड होणाऱ्या इंजिनात उन्हाळ्याच्या वाहतूककोंडीत ऑइलचे तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते आणि पिस्टनच्या कड्यांजवळ ते त्याहून खूपच जास्त असते. तापमान दर १० अंशांनी वाढले की ऑक्सिडेशनचा वेग साधारण दुप्पट होतो. ऑइलमधून आम्ले आणि चिकट पदार्थ तयार होतात. आम्ल मारणारी रसायने हळूहळू खर्च होतात. न जळलेले पेट्रोल कड्यांजवळून खाली उतरून ऑइल पातळ करते. ज्वलनातली वाफ थंड इंजिनात पाणी होऊन मिसळते. सकाळी दोन-तीन किलोमीटर चालून बंद होणाऱ्या गाडीत हे पाणी उडून जायला वेळच मिळत नाही.

मोटरसायकलमध्ये याला गिअरची भर पडते. ऑइल गरम झाल्यावर घट्ट राखणाऱ्या पॉलिमरच्या लांब साखळ्या गिअरच्या दात्यांमध्ये चिरडल्या जाऊन तुटतात. २०डब्ल्यू-५० म्हणून घातलेले ऑइल काही हजार किलोमीटरनंतर ४० च्या घट्टपणावर आलेले असते. शिवाय क्लच प्लेटांची पूड, पिस्टन-सिलिंडरमधले लोखंड आणि ॲल्युमिनियम, बेअरिंगमधले तांबे यांचे सूक्ष्म कण त्यात असतात. पूर्वी पेट्रोलमधले शिसेही ऑइलमध्ये येत असे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल सुरू झाल्यावर ते प्रमाण उतरले.

गाळून काम का होत नाही

जळके ऑइल फडक्यातून गाळून किंवा काही आठवडे स्थिर ठेवून वरचे ओतून घेण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. असे ऑइल दिसायला थोडे उजळ होते, पण इंजिनाच्या दृष्टीने ते तसेच असते. कापडाची वीण फक्त जाड कण अडवते. इंजिनाचा कागदी फिल्टरही साधारण २० ते ३० मायक्रॉनपर्यंतचे कण धरतो आणि काजळीचे बहुतांश कण १ मायक्रॉनपेक्षा लहान असतात. ऑइलमधली रसायनेच त्यांना तरंगते ठेवतात, म्हणून ते तळाशीही बसत नाहीत. विरघळलेले पेट्रोल आणि आम्ल कोणत्याही चाळणीत अडकत नाही. खर्च झालेली रसायने आणि तुटलेले पॉलिमर तर गाळल्याने परत येतच नाहीत. त्यामुळे गाळलेले जळके ऑइल दुसऱ्या गाडीत, शेतातल्या पंपाच्या इंजिनात किंवा जनरेटरमध्ये घालणे म्हणजे थोड्या बचतीसाठी बेअरिंग आणि पिस्टन पणाला लावणे.

जळक्या ऑइलचे चालत आलेले वापर

आपल्याकडे जळके ऑइल सहसा फेकले जात नाही, विकले जाते. बांधकामावर सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला, लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून, वीटभट्टीत जाळायला, साचलेल्या पाण्यावर डास मारायला, रस्त्यावरची धूळ बसवायला आणि कधी जनावरांच्या खरजेवर लावायलाही ते वापरले जाते. यातला प्रत्येक वापर ऑइलमधले विष माणसांच्या आणि जमिनीच्या अंगावर आणून सोडतो.

जळक्या ऑइलमध्ये बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बन नावाची संयुगे साठत जातात. त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अशुद्ध आणि अर्धवट शुद्ध केलेल्या खनिज तेलांना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहे, आणि पेट्रोल इंजिनाचे वापरलेले ऑइल उंदरांच्या त्वचेवर लावल्यावर गाठी झाल्याचे प्रयोगांतून दिसले आहे. सेंट्रिंगचा मजूर दिवसभर उघड्या हातापायांनी हेच ऑइल फासत असतो. बांधकामासाठी वेगळे शटरिंग ऑइल मिळते. तेच वापरले पाहिजे. जनावराच्या अंगावर लावलेले ऑइल त्वचेतून आणि चाटण्यातून पोटात जाते. पाण्यावर टाकलेल्या ऑइलचा तवंग अळ्यांबरोबर मासे आणि बेडूकही मारतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मते एका ऑइल बदलाचे जळके ऑइल दहा लाख गॅलन गोडे पाणी दूषित करू शकते.

जळके ऑइल धूळ बसवायला वापरण्याचा परिणाम अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या टाइम्स बीच या गावाने भोगला. १९७० च्या दशकात गावाच्या कच्च्या रस्त्यांवर जळके ऑइल शिंपडले गेले. त्या ऑइलमध्ये एका रासायनिक कारखान्याचा डायऑक्सिनयुक्त कचरा मिसळलेला होता. १९८२ मध्ये मातीतले विष उघड झाले, १९८३ मध्ये सरकारने गाव विकत घेण्याचा निर्णय घेतला आणि दोन हजारांच्या आसपास लोकांची ती वस्ती कायमची उठली. जळक्या ऑइलमध्ये दुसरे काय मिसळले आहे हे वरून ओळखता येत नाही; म्हणूनच ते कुठून आले आणि कुठे गेले, याची नोंद असावी लागते.

काढलेले ऑइल कसे जमा करावे

घरी ऑइल बदलणाऱ्याने इंजिन थोडे गरम करून, खाली रुंद तसराळे किंवा कापलेला कॅन ठेवून नट काढावा. गरम ऑइल पातळ असल्याने मळासकट लवकर निघते; फार तापलेले इंजिन मात्र भाजू शकते. हातात नायट्राइलचे मोजे घालावेत. ऑइल लागलेले हात पेट्रोल किंवा रॉकेलने धुऊ नयेत, साबणाने धुवावेत. ऑइलचे फडके खिशात ठेवण्याची सवय सोडावी, कारण त्यातले ऑइल तासन्‌तास कातडीला लागत राहते.

जमा केलेले ऑइल रिकाम्या झालेल्या ऑइलच्या बाटलीत किंवा मजबूत प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरावे, झाकण पक्के लावावे आणि 'जळके ऑइल' असे ठळक लिहावे. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ते कधीही भरू नये; मूल ते पेय समजून तोंडाला लावू शकते. त्यात ब्रेक ऑइल, कूलंट, पेट्रोल, रॉकेल, थिनर किंवा खाद्यतेल मिसळू नये. एका कॅनमधली अशी भेसळ पुढे पूर्ण ड्रम शुद्धीकरणासाठी निकामी करू शकते. सांडलेल्या ऑइलवर वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून ते टिपून घ्यावे आणि तो भुसा ऑइलच्या कचऱ्याबरोबरच द्यावा. पाण्याने धुऊन गटारात सोडू नये. फिल्टर उलटा ठेवून त्यातले ऑइल निथळून घ्यावे. रिकाम्या बाटल्या भंगारात देण्यापूर्वी त्यांना भोक पाडावे किंवा त्या कापाव्यात, म्हणजे बनावट ऑइल भरून त्या पुन्हा बाजारात येणार नाहीत.

भरलेला कॅन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला किंवा नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्याला ऑइल देणाऱ्या गॅरेजला द्यावा. एका गाडीचे ऑइल थोडे असते, पण वस्तीतल्या चार-सहा घरांचे एकत्र केले तर नेऊन देण्याची खेप वाया जात नाही.

जळक्या ऑइलपासून नवे ऑइल

इंजिनात रसायने खर्च होतात आणि मळ साठतो, पण मूळ तेलाचा मोठा भाग शाबूत राहतो. त्यावरच शुद्धीकरणाचा कारखाना चालतो. आधी ऑइल स्थिर ठेवून आणि तापवून पाणी काढले जाते. मग पेट्रोल-डिझेलसारखे हलके भाग उडवले जातात. त्यानंतर निर्वात ऊर्ध्वपातन होते. हवेचा दाब कमी केल्याने तेल कमी तापमानाला वाफ होते आणि त्याचे रेणू फुटत नाहीत. धातू, काजळी आणि जुनी रसायने खाली डांबरासारख्या साक्यात राहतात. हा साका डांबराच्या उद्योगात वापरता येतो. शेवटी खास मातीतून किंवा उच्च दाबाच्या हायड्रोजनच्या साहाय्याने रंग, गंधक आणि वास काढला जातो. तयार झालेल्या मूळ तेलात नवी रसायने घातली की पुन्हा इंजिन ऑइल होते. जुन्या काळी सल्फ्युरिक आम्ल आणि माती वापरून हे काम करत. त्यातून निघणारा आम्लयुक्त काळा गाळ स्वतःच घातक कचरा असल्याने ती पद्धत मागे पडली.

चांगल्या पद्धतीने शुद्ध केलेले मूळ तेल दर्जात कमी नसते. एपीआयचा परवाना देताना मूळ तेल कच्च्या तेलापासून आले की जळक्या ऑइलपासून, असा भेद केला जात नाही. चाचण्या मात्र त्याच पार कराव्या लागतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या हिशेबाप्रमाणे सुमारे २.४ लिटर वंगण तेल मिळवायला १५९ लिटर कच्चे तेल लागते, तर तेवढेच ३.८ लिटर जळक्या ऑइलपासून मिळते. कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल असे इतरही पदार्थ निघतात हे खरे, तरीही कच्च्या तेलाचा बहुतांश भाग आयात करणाऱ्या भारतासाठी हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

कायदा काय सांगतो

भारतात वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. घातक व इतर कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांच्या पहिल्या अनुसूचीत ते ५.१ या क्रमांकावर आहे. असा कचरा निर्माण करणाऱ्या आस्थापनेला तो साधारण ९० दिवसांपर्यंतच साठवता येतो. वर्षाला १० टनांपर्यंत कचरा होणाऱ्या लहान आस्थापनांना राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकते. ऑइल अधिकृत पुनर्वापर कारखान्यालाच द्यायचे असते आणि वाहतुकीबरोबर नोंदीचा कागद जावा लागतो. महाराष्ट्रात ही देखरेख महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये या नियमांत आणखी एक दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून ती लागू झाली. तिच्यानुसार मूळ तेल आणि वंगण तेल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकण्यात आली. विकलेल्या मालाच्या ठरावीक हिश्श्याइतके ऑइल पुनर्वापरात गेल्याचे प्रमाणपत्र त्यांनी नोंदणीकृत कारखान्यांकडून घ्यायचे असते आणि हा हिस्सा वर्षागणिक वाढत जातो. जर्मनीत याहून पुढची सोय आहे: ऑइल विकणाऱ्या दुकानदाराला ग्राहकाकडून तितकेच जुने ऑइल विनामूल्य परत घ्यावे लागते. आपल्याकडे दुकानाच्या पातळीवर अशी सोय झाली, तर घरी ऑइल बदलणाऱ्याची मोठी अडचण दूर होईल.

तोपर्यंत ही साखळी ग्राहकापासूनच सुरू होते. पुढच्या वेळी ऑइल बदलताना गाडीला नेमके किती ऑइल लागते ते पुस्तिकेत पाहा, उरलेली बाटली झाकण लावून घरी न्या, आणि काढलेले ऑइल कुणाला दिले जाते हे गॅरेजवाल्याला विचारा. नोंदणीकृत कारखान्याला ऑइल देणाऱ्या गॅरेजलाच आपले काम द्या.